हत्शेप्सुतचे पोशाख फोंड्यात: वरच्या बाजारातल्या ड्रेपरीविषयी

नाटकवाल्यांना आधी निकाल सांगून टाकते. फोंड्याच्या वरच्या बाजारात लाकडी जिना चढून जावं लागणारी जी जुनी ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्यानं देणारं दुकान, आहे, तिथून प्राचीन इजिप्तचे पोशाख हवे असतील तर कपाटातले तयार घेऊ नका, शिवून घ्या. तयार आहेत ते सोनेरी टिश्यू, चमकी आणि सॅटीनचे. शाळेतल्या फॅन्सी ड्रेसला चालतील, नाटकाला नाही. पण त्याच दुकानातला शिंपी, नीट समजावून सांगितलं आणि चित्रं दाखवली तर असं काम करून देतो की रंगीत तालमीला मी टाचण्या हातात धरून उभी होते आणि एकही टाचणी लावावी लागली नाही.

आमच्या बांदोड्याच्या मंडळानं यंदा हत्शेप्सुतवरचं दीड तासाचं मराठी नाटक बसवलं. राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग झाला. मी उच्च माध्यमिकात इतिहास शिकवते आणि मंडळाची वेशभूषा बघते, त्यामुळे या नाटकात माझा जीव दुहेरी गुंतलेला होता. हत्शेप्सुत ही 18व्या राजवंशातली. पहिल्या थुतमोसची मुलगी, दुसऱ्या थुतमोसची राणी. नवरा गेल्यावर लहान सावत्र मुलाच्या, म्हणजे तिसऱ्या थुतमोसच्या नावानं कारभार पाहता पाहता ती स्वतःच फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, झाली. साधारण इ.स.पू. 1479 ते 1458 हा तिचा काळ. तिचं हे चढत जाणं तिच्या पुतळ्यांच्या कपड्यांत दिसतं. एका पुतळ्यात अंगावर बायकांचा सरळ झगा आणि डोक्यावर मात्र राजाचं शिरोवस्त्र आहे. इतर अनेक पुतळ्यांत राजाचं आखूड अधोवस्त्र, उघडी छाती आणि हनुवटीला बांधलेली दाढी. आमच्या नाटकात ती कपडे बदलते तिथेच गोष्ट पुढे सरकते. पोशाख चुकला असता तर प्रेक्षकाला गोष्टच कळली नसती.

दुकान बाहेरून लहान वाटतं. आत खोल्या भरून कपडे आहेत: शिवकालीन अंगरखे, दशावताराचे मुकुट, कुणबी नाचाची लाल चौकड्यांची लुगडी, पोर्तुगीज शिपायांचे डगले, कार्निव्हलसाठी शिवलेले पिसांचे झगे. इजिप्त एका कपाटात. मालक काकांनी 'क्लिओपात्रा सेट' म्हणून जो बाहेर काढला त्यात सोनेरी टिश्यूचा झगा, कमरेला पुठ्ठ्याचा नाग, गुडघ्यापर्यंत दोऱ्या गुंडाळायच्या चपला आणि बकरमवर सोनेरी कागद चिकटवलेली गळपट्टी एवढं होतं. मी नको म्हटल्यावर काका म्हणाले, "टीचर, इजिप्त म्हळ्यार भांगारच न्हय?" म्हणजे, इजिप्त म्हटलं की सोनंच ना?

प्रश्न रास्त होता. आपण सगळ्यांनी इजिप्त पाहिला तो तुतनखामुनच्या मुखवट्यातून, आणि तो सोन्याचाच आहे. पण 1922मध्ये हॉवर्ड कार्टरला ते थडगं सापडलं तेव्हा त्यात पेट्या भरून कपडेही होते. अंगरखे, हातमोजे, कमरपट्टे, आणि लंगोट तर सुमारे 145. सोनं राजाच्या मृतदेहावर चढलं होतं. जिवंत माणसाच्या अंगावर मात्र, तो राजा असो की लेखनिक, पहिलं येई ते पांढरं लिनन. त्यावर रंग यायचे ते मण्यांचे आणि फुलांचे. हे एवढंच माझं काकांकडे मागणं होतं, आणि या सगळ्या लेखाचंही म्हणणं तेवढंच आहे.

शिंप्याला मी ज्या कपड्याचं चित्र दाखवलं तो लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. फ्लिंडर्स पेट्रीनं 1913मध्ये तारखान इथे केलेल्या उत्खननातल्या मळक्या कापडांच्या गाठोड्यात तो पडून राहिला होता. 1977मध्ये ते गाठोडं साफ करायला घेतलं तेव्हा कळलं की आत अंगात घालायचा कपडा आहे. पुढे कार्बन चाचणीत त्याचा काळ इ.स.पू. 3482 ते 3102 यांच्या दरम्यानचा निघाला. पाच हजार वर्षांपूर्वीचा शिवलेला कपडा! पुढून टोकदार उतरता गळा, बाह्यांना आणि खांद्यांना बारीक चुण्या, कोपराशी आणि काखेशी वापरून वापरून पडलेल्या सुरकुत्या. सापडला तेव्हा तो उलटा होता, कुणीतरी डोक्यावरून ओढून काढून ठेवल्यासारखा. शिंप्यानं ते चित्र मोबाईलवर मोठं केलं आणि चुण्यांची रुंदी नखानं मापायला लागला. इथे काम द्यायचं हे मी तेव्हाच ठरवलं.

कापडाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेक मंडळं घाई करतात. लिनन जवसाच्या खोडातल्या धाग्यापासून होतं. नाईलच्या काठी जवस कापत नसत, मुळासकट उपटत. खोड कोवळं असताना उपटलं तर धागा तलम निघतो, जून झाल्यावर जाड निघतो आणि तो दोरखंडाच्या, चटयांच्या कामाचा. मग खोडं पाण्यात भिजत घालायची, कुटायची, तंतू सोडवायचे, जोडून पीळ द्यायचा. राजघराण्यासाठी विणलेलं लिनन इतकं तलम असे की चित्रकारांनी कापडाखालचं अंग दिसतं असंच रंगवलं आहे. लिननवर रंग सहजी चढत नाही, म्हणूनही पांढऱ्याचं राज्य. लोकर होती, पण ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इ.स.पू. 5व्या शतकात लिहितो की ती देवळात नेत नसत, आणि पुजारी फक्त लिनन नेसत, तेही नेहमी ताजं धुतलेलं. काकांना हे ऐकून सोवळ्याची आठवण झाली आणि त्यानंतर त्यांनी सोनेरी कापडाचा आग्रह धरला नाही. कापूस मात्र हत्शेप्सुतच्या इजिप्तमध्ये नव्हता. आज इजिप्तचं नाव ज्या लांब धाग्याच्या कापसाशी जोडलं जातं तो 19व्या शतकात, तिथला राज्यकर्ता मुहम्मद अली याच्या राजवटीत वाढला.

खरं लिनन सगळ्यांना घालायचं तर मंडळाचं दिवाळं निघेल. म्हणून फक्त हत्शेप्सुतसाठी आम्ही लिनन विकत आणून दिलं आणि शिलाई त्यांची घेतली. बाकीच्यांना दुकानानं मलमल वापरली. इथे शिंप्यानं स्वतःहून एक गोष्ट केली. दुकानातली मलमल निळसर पांढरी असते आणि रंगमंचाच्या दिव्यांत ती दवाखान्यातल्या चादरीसारखी दिसली असती. त्यानं सगळी मलमल चहाच्या पातळ पाण्यातून काढली. दुधाळ, किंचित पिवळट छटा आली. दिवे पडल्यावर लिनन कुठलं आणि मलमल कुठली हे तिसऱ्या रांगेतून मला ओळखता आलं नाही.

बायकांच्या झग्यापाशी तो अडला. थडग्यांच्या भिंतींवर तो झगा छातीपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटलेला दिसतो, वर दोन रुंद पट्टे. "ह्यात ती बाई चालणार कशी? आणि तुमच्या नाटकात ती जिने चढते," असं त्यानं विचारलं. अगदी बरोबर प्रश्न. चित्रकारांची ती रीत होती. प्रत्यक्ष सापडलेले कपडे सैल आहेत, नुसती गुंडाळायची वस्त्रंही पुष्कळ आहेत. मग त्यानं एकसंध कापड अंगाभोवती दीड वेढा घेईल असं कापलं, आतून एकच दोरी ठेवली, वर पट्टे. समोरून सरळसोट दिसतं आणि पाऊल टाकलं की कडेनं मोकळं होतं. हुक नाही, चेन नाही. इतर शिंपी चेन लावल्याशिवाय राहत नाहीत. याचा हात वर्षानुवर्षं कुणबी नाचाच्या लुगड्यांवर बसलेला आहे. ते लुगडं खांद्यावरच्या गाठीवर पेललं जातं, त्यामुळे गाठ सुटेल ही भीती याला नाही. दासींची वस्त्रं त्यानं जवळजवळ न शिवताच दिली, फक्त काठाला दशा सोडून. नाचात एकही सुटलं नाही.

एक सूचना. दुकानाच्या अल्बममध्ये घोळदार, चुण्यांचे, रुंद बाह्यांचे झगे 'इजिप्त राणी' म्हणून आहेत. ते सुंदर आहेत, आणि खोटेही नाहीत. 1904मध्ये सापडलेल्या नेफर्तारीच्या थडग्यात ती राणी तसल्याच पातळ पांढऱ्या झग्यात, कमरेला लाल पट्टा बांधून रंगवलेली आहे. पण नेफर्तारी दुसऱ्या रामसेसची राणी, हत्शेप्सुतनंतर दोनशे वर्षांनी आलेली. तुमचं नाटक रामसेसच्या काळातलं असेल तर तेच घ्या. हत्शेप्सुतला ते चालणार नाहीत.

चुण्या हा या दुकानाचा कच्चा भाग. राजाच्या अधोवस्त्राला बारीक चुण्या हव्यात. मशीननं चुण्या पाडलेलं पॉलिएस्टर त्यांच्याकडे होतं, मी नाकारलं, कारण ते चमकतं आणि सळसळतं. मग त्यांनी मलमल खळीत बुडवून, पीळ घालून, सुतळीनं आवळून गच्चीवर वाळवली. उलगडल्यावर चुण्या अप्रतिम. पण आपल्या हवेत त्या टिकल्या नाहीत. रंगीत तालमीत दोन तासांत निम्म्या बसल्या. प्रयोगाच्या सकाळी दुकानानं जास्तीचे पैसे न घेता पुन्हा करून दिल्या, ही त्यांची चांगुलकी. तुमचे प्रयोग लागोपाठ असतील तर चुण्यांचे दोन जोड मागा.

आता गळ्यातल्याकडे येते, कारण खरं तर यासाठीच मी हे लिहायला बसले. इजिप्तचा रुंद हार म्हणजे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पसरलेली मण्यांची अर्धवर्तुळं, एकाखाली एक. त्यांना आवडणारा निळा-हिरवा रंग बहुतेक वेळा रत्नाचा नसे, फेयान्सचा असे: दळलेली गारगोटी, थोडा चुना, सोडा किंवा वनस्पतींची राख, आणि रंगासाठी तांबं. हे मळून मणी करायचे आणि भट्टीत घालायचे, की वर काचेसारखी झिलई येते. सामान्य माणसालाही परवडणारी ही झळाळी होती. श्रीमंतांच्या दागिन्यांत सिनाईतल्या खाणींचा पिरोजा, वाळवंटातला लाल अकीक, नुबियाचं सोनं, आणि थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून हातोहात येणारं लाजवर्द, म्हणजे गडद निळा दगड. सोनं होतं, पण रंगांना धरून ठेवणारं.

काकांच्या वहिनी मणी ओवतात. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, सुपात मणी घेऊन बसतात. त्यांच्यापुढे मी दोन चित्रं ठेवली. एक रुंद हाराचं. दुसरं बोस्टनच्या संग्रहालयातल्या मण्यांच्या जाळीदार झग्याचं. गीझाच्या एका थडग्यात 1927मध्ये तो मिळाला, खुफू राजाच्या काळातला. दोरे कुजून गेले होते, उरले होते सुमारे 7000 मणी. काही मणी जागच्या जागी राहिले होते, त्यावरून नक्षी ओळखून पुन्हा ओवले. वहिनी बराच वेळ ते चित्र बघत होत्या. मग म्हणाल्या, "सगळो झगो ना, पूण कमरेक जाळें करून दितां." आणि खरंच, नाचणाऱ्या मुलीसाठी त्यांनी कमरेभोवतीची चौकटी-चौकटींची निळी जाळी करून दिली, लांबट नळीच्या मण्यांची, प्रत्येक सांध्यावर एक गोल मणी. ती मुलगी चालली की जाळीचा बारीक आवाज येई. संगीत करणाऱ्या आमच्या मुलानं तो ऐकून तिथला तबला काढून टाकला.

त्यांना मी स्नेफेरू राजाची जुनी गोष्टही सांगितली. राजा कंटाळलेला असतो, म्हणून जाळीची वस्त्रं नेसलेल्या वीस तरुणी त्याच्यासाठी तळ्यात होडी वल्हवतात. त्यातल्या एकीच्या केसांतला पिरोजाचा मासा पाण्यात पडतो आणि ती वल्हवायची थांबते. दुसरा देऊ म्हटलं तरी तिला तोच हवा असतो. शेवटी जादूगार तळ्याचं अर्धं पाणी उचलून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवतो आणि तळाशी पडलेला मासा काढून देतो. पुढच्या वेळी गेले तेव्हा वहिनींनी नाचणाऱ्या मुलीच्या वेणीसाठी निळ्या मण्यांचा मासा ओवून ठेवला होता. मी मागितला नव्हता, त्यांनी बिलातही लावला नाही.

रुंद हाराची एक अडचण असते. जड असल्यामुळे तो पुढे सरकतो आणि मागची दोरी मानेत रुतते. भाड्यानं मिळणाऱ्या गळपट्ट्या म्हणूनच सेफ्टी पिनांनी कपड्याला टाचतात, आणि उघड्या छातीच्या राजाला पिन लावणार कुठे? इजिप्तच्या सोनारांनी यावर केलेला उपाय चित्रांत आणि पुतळ्यांत दिसतो. हाराच्या दोन्ही टोकांपासून पाठीवर एक मण्यांचा लोलक लोंबतो, पुढच्या भाराला मागून तोल देणारा. वहिनींनी पाठीवरच्या लोलकात पितळेचं एक वजन शिवलं आणि टोकांना फाशाऐवजी जाड गोंडा दिला. नटीनं त्यात वाकून नमस्कार केला, जिना चढली, सिंहासनावर बसली. हार जागेवर. मी पाहिलेल्या कुठल्याही ऐतिहासिक नाटकात गळ्यातलं इतकं शहाणं नव्हतं.

मेजवानीच्या प्रवेशात आम्ही पाहुण्यांना फुलांच्या गळपट्ट्या घातल्या. तुतनखामुनच्या दफनविधीतल्या उरलेल्या सामानाचा खड्डा 1907-08मध्ये सापडला, त्यात खऱ्या फुलापानांच्या गळपट्ट्या मिळाल्या: पपायरसवर शिवलेली ऑलिव्हची पानं, निळी फुलं, बोरांसारखी फळं आणि मधूनमधून फेयान्सचे मणी. हे काम दुकानाचं नव्हे. म्हार्दोळला फुलं करणाऱ्या बायकांकडून करून घ्या. तिथल्या जाया, म्हणजे जाईची फुलं, पावसाळ्यातल्या आणि आमचा प्रयोग थंडीतला, म्हणून अबोली, झेंडूच्या पाकळ्या आणि आंब्याची कोवळी पानं घेतली, केळीच्या सालीवर रांगा शिवल्या. दोन तास टवटवीत राहिल्या.

डोक्यावरच्या गोष्टींत मात्र दुकानाशी थोडी हुज्जत घालावी लागली. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं शिरोवस्त्र, ज्याला नेमेस म्हणतात, ते त्यांच्याकडे गठ्ठ्यानं आहे आणि ते सैनिकांनाही देतात, चवऱ्या ढाळणाऱ्यांनाही. नेमेस फक्त राजाचं. आमच्या नाटकात हत्शेप्सुत ते पहिल्यांदा बांधते तेव्हा दरबार थबकतो. आधीच्या प्रवेशात दहा शिपाई तेच बांधून उभे असते तर थबकायला उरलं काय? मी बाकीची परत केली, शिपायांना आखूड काळे टोप घेतले. काकांनी मुकाट्यानं बदलून दिले आणि भाड्यातला फरकही वजा केला.

दाढीचंही तसंच. रंगभूषाकार स्पिरिट गमनं चिकटवायला निघाला होता. फेरोची दाढी खोटी असे आणि पट्ट्यानं बांधलेली असे. कित्येक पुतळ्यांत कानापासून हनुवटीपर्यंत तो पट्टा कोरलेला आहे. आम्ही पट्ट्यानंच बांधली, आणि त्यामुळे शेवटच्या प्रवेशात आपला कारभारी सेनेनमुत याच्यासमोर हत्शेप्सुत ती दाढी स्वतःच्या हातानं सोडून ठेवते ही जागा दिग्दर्शकाला सापडली. चिकटवलेली दाढी ओरबाडून काढताना तो प्रवेश हास्यास्पद झाला असता.

बायकांचे टोप नायलॉनचे आहेत, कपाळावर झुलपं, दिव्यात चमकतात. खरे टोप माणसाच्या केसांचे असत, मेण आणि राळ लावून बसवलेल्या शेकडो बारीक वेण्यांचे. 1906मध्ये देर अल-मदीना इथे सापडलेल्या खा आणि मेरित या जोडप्याच्या थडग्यात मेरितचा टोप त्याच्या पेटीसकट मिळाला, आज तो तुरीनच्या संग्रहालयात आहे. इतकं काम भाड्याच्या टोपाकडून मागणं अन्यायाचं. चमक मारायला टाल्कम पावडर आणि काजळी एकत्र करून हलक्या ब्रशनं फिरवा, पुष्कळ फरक पडतो. मेजवानीत डोक्यावर ठेवायचे सुगंधी शंकू दुकानानं थर्माकोलचे करून दिले, वर पातळ मेणाचा थर देऊन. हे शंकू चित्रकारांची कल्पना असावी असं पुष्कळ अभ्यासक धरून चालत. मग अमार्नाच्या दफनभूमीत डोक्यावर मेणाचे शंकू असलेले सांगाडे मिळाले आणि 2019मध्ये ते प्रसिद्ध झालं. आमच्यातले दोन शंकू नाचात घसरले. आत क्लिप शिवून घ्या.

रंगभूषाकार दुकानातूनच येतो, वेगळे पैसे पडतात. डोळे त्यानं सुरेख काढले, पुरुषांचेही. इजिप्तमध्ये दोघंही डोळे रेखत, जुन्या काळी हिरव्या मॅलेकाइटनं, पुढे काळ्या गॅलिनानं. गॅलिना म्हणजे शिशाचं खनिज, तेव्हा 'अस्सल इजिप्शियन सुरमा' म्हणून कुणी काही विकत असेल तर मुलांच्या डोळ्यांजवळ नेऊ नका. घरचं काजळ पुरे आहे. एका गोष्टीला मी ठाम नाही म्हटलं. त्याला पुरुष नटांना तांबूस-काळं आणि बायकांना पिवळसर रंगवायचं होतं, भिंतीवरच्या चित्रांसारखं. पुरुष तांबडे, बायका पिवळट ही चित्रांची रीत आहे, माणसांची नव्हे. आमचे नट आपापल्या रंगात उभे राहिले आणि शोभले.

पायांबद्दल थोडक्यात. गुडघ्यापर्यंत दोऱ्यांच्या चपला रोमन सैन्याच्या नाटकाला ठेवा. इजिप्तमध्ये अंगठ्याच्या फटीत पट्टी असलेली सपाट चप्पल, पपायरसची, ताडाच्या पानांची किंवा चामड्याची, आणि पुष्कळदा पाय अनवाणीच. नारमेर राजाच्या पाटीवर, इ.स.पू. 3100च्या सुमाराच्या, राजामागे त्याच्या चपला हातात घेऊन सेवक उभा आहे. आम्हीही राणीमागे तसा एक मुलगा ठेवला. चपला त्यांच्याकडे नव्हत्या, बाजारातून आणल्या.

धुलाई वेगळी लावतात, नगाला 40 रुपये, आणि पांढऱ्या कपड्यांना ती द्यावीच. गळ्याशी मेकअपचे डाग राहतात. इजिप्तमध्ये धोब्याचं काम किती खडतर होतं हे तिथल्या शाळकरी लेखनिकांना गिरवायला दिलेल्या एका मजकुरात आहे. धोबी नदीकाठी मगरीच्या शेजारी कपडे धुतो, असं त्यात म्हटलं आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी पाहिलेल्यांना त्या माणसाची भीती वेगळी समजावून सांगायला नको. त्या पांढऱ्या कपड्यांसाठी तो रोज पाण्यात उतरत होता, हे मी आमच्या नटांना सांगितलं, आणि विंगेत त्या कपड्यांत कुणी जमिनीवर बसलं नाही.

पैशांचं सांगायचं तर तयार सेट दिवसाला 300 रुपये, अनामत 1000. मलमलीचा झगा शिवून 1100, अधोवस्त्र चुण्यांसह 900. रुंद हार 1800 रुपयांना पडला आणि हे मला मुळीच जास्त वाटत नाही. वहिनींची बोटं पाहिलीत तर तुम्हालाही वाटणार नाही. वेळेच्या बाबतीत दुकान पक्कं नाही. कार्निव्हल आणि शिगमोच्या आधी फोन उचलत नाहीत आणि आमचे शिपायांचे टोप प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी आले. स्वतः जाऊन बसलात तर काम होतं. वाचलेलं कुणी समजावून सांगणार असेल तर ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, आणि एकदा पटलं की त्यातून पळवाट काढत नाहीत. भाड्याच्या पोशाखांच्या धंद्यात हे मला फार मोलाचं वाटतं.

आमचे हार, कमरेची जाळी आणि नेमेस आता दुकानातच भाड्याला ठेवले आहेत, हाराचं भाडं 250. नवे करून घ्यायचे असतील तर वहिनींना महिनाभर आधी सांगा, कारण नळीचे निळे मणी मुंबईहून मागवावे लागतात. आणि चवथीच्या आधीचे पंधरा दिवस त्या कुणाचंच काम हातात घेत नाहीत.